ऋतू पाहणाऱ्या दुर्गाबाई

रायपूर शहराच्या उत्तरेला, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून भनपुरी आहे. एके काळचे हे खेडे आता शहरात सामावले असून कारखाने, गोदामे आणि लाकडाच्या वखारी हीच त्याची बाहेरच्यांना असलेली ओळख आहे. छत्तीसगडचे जंगल येथे येते, ते बहुधा साल काढलेल्या ओंडक्यांच्या रूपाने. तरीही पौष-माघातील एखाद्या थंड सकाळी येथून थोडे बाहेर पडले, तर भात कापून झालेल्या बांध्यांमध्ये तिवऱ्याची निळी फुले डोलताना दिसतात. मराठी मुलखात यालाच लाख किंवा लाखोरी म्हणतात. उभ्या भातात ओल असतानाच तिवऱ्याचे बी फेकून ठेवण्याची येथील शेतकऱ्यांची जुनी रीत आहे. तिला उतेरा असे नाव आहे. तळ्याच्या काठावर थंडीचा पाहुणा असलेला धोबी पक्षी शेपटी वरखाली करीत हिंडत असतो. रस्त्याकडेच्या सावरीने पाने टाकलेली असतात आणि पळसाच्या डहाळ्यांवर काळसर, मखमली कळ्यांचे घोस धरू लागलेले असतात. कामावर निघालेल्या माणसाचे लक्ष तिकडे सहसा जात नाही.

ज्या थोड्या लेखकांनी मराठी वाचकाचे लक्ष अशा गोष्टींकडे वळविले, त्यांत दुर्गाबाई भागवत यांचे स्थान फार वरचे आहे. रायपूर ज्या मध्यप्रांताचा भाग होते, त्याच मध्यप्रांताच्या जंगलात ऐन उमेदीच्या वयात त्या संशोधनासाठी आल्या होत्या. तेथे त्यांच्यावर असे संकट ओढवले की, त्यांच्या आयुष्याची वाटच बदलली.

दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१० रोजी इंदूर येथे झाला. पौष सरून माघ लागण्याच्या संधीवरचा तो दिवस होता. घराण्यात विद्येची परंपरा होती. प्रसिद्ध संस्कृत पंडित आणि समाजसुधारक राजारामशास्त्री भागवत हे याच घराण्यातील. वडील नारायणराव हे रसायनशास्त्रज्ञ होते. दुर्गाबाईंच्या पाठची बहीण कमला हीही पुढे रसायनाच्याच वाटेने गेली. डॉ. कमला सोहोनी या नावाने जीवरसायनशास्त्रात तिने मोठे नाव मिळविले आणि १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. एका बहिणीने वनस्पतींच्या पेशींचा शोध प्रयोगशाळेत घेतला, तर दुसरीने वनस्पतींना रस्त्यावर, रानात आणि लोकांच्या गाण्यांत शोधले. दोघींची साधने वेगळी असली, तरी नीट पाहिल्याशिवाय काहीही मान्य न करण्याची सवय मात्र एकाच घरातील होती.

दुर्गाबाईंचे महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात झाले. मध्यंतरी स्वातंत्र्यचळवळीसाठी त्यांनी शिक्षण काही काळ बाजूला ठेवले आणि परत येऊन १९३२ साली त्या बी.ए. झाल्या. एम.ए.साठी त्यांनी बौद्ध धर्माच्या आरंभकाळातील न्यायव्यवस्था हा विषय घेतला. त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृत आणि पाली ग्रंथांत रमलेल्या या विद्यार्थिनीला पीएच.डी.साठी ग्रंथालयातच बसून राहता आले असते. तिने निवडले ते आदिवासींचे जीवन. हिंदू आणि आदिवासी संस्कृती एकमेकींत कशा मिसळल्या, हे तिला तपासावयाचे होते आणि त्यासाठी मध्यप्रांतातील गोंडांच्या वस्त्यांपर्यंत जाणे भाग होते.

त्या काळी एका अविवाहित स्त्रीने जंगलातील वस्त्यांवर एकट्याने हिंडावे, हे सोपे नव्हते. दळणवळणाची साधने अपुरी होती आणि हिवतापाची भीती कायमची होती. दुर्गाबाई तेथे केवळ प्रश्नावली भरून घेण्यासाठी गेल्या नव्हत्या. सातपुड्याच्या खोऱ्यांतील लोकगीते त्यांनी गोळा केली. चालीरीती, दैवते आणि कहाण्या टिपल्या. या कामात एक गोष्ट आपोआप घडत गेली. आदिवासींचे गाणे समजून घ्यावयाचे, तर त्यातले झाड ओळखावे लागते. आणि झाड ओळखावयाचे, तर ते कधी फुलते, कधी झडते आणि त्याचे काय खाता येते, हेही ठाऊक असावे लागते. तेथील माणसांचे पंचांग अंकांत मांडलेले नव्हते. मोहाची फुले गळू लागली, सालाला मोहर आला, चारोळी पिकली, अशा खुणांवरून ते चालत होते. लोकसाहित्याच्या अभ्यासक म्हणून रानात गेलेल्या दुर्गाबाईंना ही वनस्पतींची भाषा शिकणे अपरिहार्य होते.

याच भ्रमंतीत त्यांच्या खाण्यात विषारी सुरण आला.

सुरणाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. आपण बाजारातून आणतो तो लागवडीचा सुरणही चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय शिजवीत नाहीत, कारण त्याने घसा खाजतो. सुरणाच्या गड्ड्यात सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि ते तोंडाच्या व घशाच्या त्वचेत रुततात. रानातल्या जातींमध्ये हा दोष कितीतरी अधिक असतो. पावसाळा सरला की सुरणाचे छत्रीसारखे पान वाळून जाते, गड्डा मात्र जमिनीखाली तसाच राहतो. हिवाळ्यापासून पुढे, धान्याची कणगी रिकामी होऊ लागते तेव्हा, असले कंद खणून त्यांवर दिवस काढावे लागतात. कोणता कंद किती उकडावयाचा, कोणता पाण्यात किती काळ ठेवावयाचा, हे ज्ञान जंगलात राहणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलेले असते. त्यात जरा चूक झाली, तर तेच अन्न विष ठरते.

दुर्गाबाईंची प्रकृती त्या विषाने पार खालावली. त्यांना मुंबईला परतावे लागले आणि जवळजवळ सहा वर्षे आजारपणात गेली. त्यांचे वय तेव्हा तिशीच्या आसपासचे होते. संशोधकाच्या आयुष्यातील सर्वांत कसदार वर्षे ती हीच. प्रबंध अपुरा राहिला तो राहिलाच. पीएच.डी.ची पदवी त्यांना मिळाली नाही. पुढे ज्यांच्या ग्रंथांचे आधार अनेकांनी आपल्या प्रबंधांत घेतले, त्या विदुषीच्या स्वतःच्या नावामागे डॉक्टर ही उपाधी कधी लागली नाही. ज्या जंगलाचा अभ्यास करावयास त्या गेल्या होत्या, त्याच जंगलातल्या एका कंदाने हे घडविले. मात्र याबद्दल त्यांनी जंगलाशी किंवा तेथल्या माणसांशी वैर धरले नाही. लोकसाहित्य हाच त्यांच्या पुढील आयुष्याचा प्रमुख व्यासंग राहिला. आदिवासी जीवन रंगविणाऱ्या आपल्या कादंबरीला त्यांनी ‘महानदीच्या तीरावर’ असे नाव दिले. रायपूरच्या कडेने वाहणारी खारून नदी शिवनाथला मिळते आणि तिचे पाणी पुढे याच महानदीत जाते.

आजारातून उठलेल्या दुर्गाबाई पूर्वीसारखे रानोमाळ हिंडण्याच्या स्थितीत नव्हत्या. मुंबईच्या टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय हे त्यांचे दुसरे घर झाले. तेथे त्यांनी आयुष्याची कित्येक दशके वाचनात घालविली. परंतु जाण्यायेण्याच्या वाटेवर झाडे होती. खिडकीबाहेर कावळे होते. कुंपणावर वेली होत्या. समुद्र होता आणि आभाळ होते. त्यांतून १९५६ साली ‘ऋतुचक्र’ हे पुस्तक आले. सहा वर्षांचे आजारपण आणि हे पुस्तक यांचा थेट संबंध जोडण्याचा मोह होतो. तो पुराव्याने सिद्ध करता येणार नाही, हे खरे. तथापि ज्या माणसाने आपले शरीर हाताबाहेर जाताना अनुभवले आहे, त्याला एखाद्या उघड्याबोडक्या फांदीवर आलेला कोंब जसा दिसेल, तसा तो इतरांना दिसणार नाही, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

योगायोग असा की, त्याच १९५६ सालच्या नोव्हेंबरमध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्यप्रांतातील विदर्भ मुंबई राज्यात आला आणि छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात गेले. पुढे २००० साली छत्तीसगडचे स्वतंत्र राज्य झाले. दुर्गाबाई ज्या प्रांतात हिंडल्या, तो नकाशावर उरला नाही. त्यातल्या झाडांना मात्र हे कळण्याचे कारण नव्हते.

‘ऋतुचक्र’ची रचना चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, म्हणजे मराठी वर्षाच्या क्रमाने आहे. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’चा आरंभ ग्रीष्माने होतो आणि शेवट वसंताने. त्यात प्रत्येक ऋतूचे वर्णन प्रेमिकांच्या मनःस्थितीला धरून येते. उत्तरेच्या आणि मध्य भारताच्या लोकगीतांत बारमासी नावाचा प्रकार आहे. त्यात दूर गेलेल्या प्रियकराची वाट पाहणारी स्त्री महिन्यामागून महिना आपले दुःख सांगते. दुर्गाबाईंना या दोन्ही परंपरा उत्तम ठाऊक होत्या. त्यांनी त्यांचा उपयोग केला, पण अनुकरण केले नाही. त्यांच्या पुस्तकात महिना हाच नायक आहे. त्याला स्वभाव आहे, खोडी आहेत, लहरी आहेत. त्यांच्या प्रत्येक लेखात संस्कृत काव्य, लोककथा, वनस्पतिशास्त्र आणि रस्त्यावर पाहिलेली वस्तुस्थिती ही सारी एकत्र नांदतात. कोठेही माहितीचे ओझे वाटत नाही.

या पुस्तकातील ‘वसंतहृदय चैत्र’ हा लेख अनेक वर्षे शालेय पुस्तकांतून अभ्यासला गेला. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आमच्यासारखे पाठ्यपुस्तके तयार करणारे लोक अशा लेखाखाली अलंकार ओळखा, सामासिक शब्द शोधा, असले स्वाध्याय देतात आणि विद्यार्थी तो लेख तेवढ्याचसाठी वाचतात. लेखात उल्लेखिलेले एखादे झाड जाऊन पाहा, असा स्वाध्याय क्वचितच दिला जातो. वास्तविक त्या लेखाची खरी परीक्षा झाडाखाली उभे राहूनच व्हावयाची. पिंपळाची कोवळी तांबूस पाने, करंजाच्या फुलांचा सडा, मधुमालतीचे घोस, माडाच्या लोंब्या, फणसाच्या खोडाला लागलेली फळे आणि पक्ष्यांची घरटी या सगळ्यांची नोंद तेथे आहे. घाणेरीसारख्या उपेक्षित झुडपालाही तेथे स्थान मिळाले आहे. वासामुळे लोक घाणेरीकडे नाक मुरडतात. तिच्या एकाच गुच्छातील फुलांचे रंग दुर्गाबाईंनी ज्या आस्थेने पाहिले, ती आस्था आपण बागेतील गुलाबालाही देत नाही. घाणेरी ही मूळची अमेरिका खंडातील. भारतात ती शोभेसाठी आणली गेली आणि पुढे जंगलांत इतकी पसरली की, छत्तीसगडसह अनेक राज्यांच्या वनखात्यांना आता ती उपटून काढावी लागते. दुर्गाबाईंच्या वर्णनातील तिचे सौंदर्य खरे आहे आणि हा उपद्रवही खरा आहे. त्या आज लिहीत असत्या, तर त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या असत्या असे वाटते.

पुस्तकाचा शेवट ‘दुटप्पी फाल्गुन’ या लेखाने होतो. फाल्गुनाला दुटप्पी म्हणणे वरवर पाहता अन्यायाचे वाटते. या महिन्याला आपण होळीचा, रंगांचा, आनंदाचा महिना मानतो. पण फाल्गुनात भनपुरीच्या आसपास फिरून पाहिले, तर हे विशेषण किती नेमके आहे हे कळून येते. पहाटे अंगावर पांघरूण लागते आणि दुपारी ऊन चटका देते. एका बाजूला पानगळ चालू असते, दुसऱ्या बाजूला निष्पर्ण फांद्यांवरच रंग उसळतो. पळस, ज्याला छत्तीसगडी बोलीत परसा म्हणतात, तो या दिवसांत पान नावालाही न ठेवता फुलतो. त्याच्या फुलांना सुगंध नसतो, पण मध भरपूर असतो. त्यामुळे शिंजीर, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल यांची त्यावर दिवसभर वर्दळ असते. सावरीची जाड, मांसल फुले खाली पडतात तीही वाया जात नाहीत, गुरे आणि हरणे ती खातात. दूर जंगलात कोसिंबाची नवी पालवी इतकी लाल असते की, तीच फुले वाटावीत. थंडीत आलेले पाणपक्षी तळी सोडून उत्तरेकडे निघालेले असतात आणि तांबट पक्ष्याची ठोके दिल्यासारखी एकसुरी हाक वाढू लागते.

मग मोहाचा हंगाम येतो. मोहाची फुले पहाटेच्या सुमारास गळतात. बायका आणि मुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. अस्वलांनाही ही फुले प्रिय असल्यामुळे माणूस आणि अस्वल यांची गाठ बहुधा याच वेळी पडते. फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत आहे आणि त्यातून जंगलाला वणवा लागण्याचे प्रकार घडतात. एकाच झाडाने अन्न द्यावे, पैसा द्यावा आणि त्याच्याच निमित्ताने जंगल जळावे, हाही फाल्गुन-चैत्राचा दुटप्पीपणाच म्हणावयाचा.

भनपुरीत किंवा रायपुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या महिन्याचा आणखी एक दुटप्पीपणा परिचित असतो. आपला महिना अमावास्येला संपतो, शेजाऱ्यांच्या हिंदी पंचांगातला महिना पौर्णिमेला. होळी झाली की दुसऱ्या दिवसापासून शेजारी चैत्र लागतो. आपल्या घरी मात्र गुढीपाडव्यापर्यंत आणखी पंधरा दिवस फाल्गुनच असतो. एकाच गल्लीत, एकाच पळसाखाली, दोन महिने एकाच वेळी चालू असतात. लोकांच्या कालगणनेत असलेली अशी गमतीची गुंतागुंत हा दुर्गाबाईंच्या आवडीचाच विषय होता.

निसर्गाविषयी त्या पुढेही लिहीत राहिल्या. ‘निसर्गोत्सव’ हे त्यांचे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकन विचारवंत हेन्री डेव्हिड थोरो याने १८४५ ते १८४७ या काळात वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी झोपडी बांधून एकट्याने वास्तव्य केले आणि त्यावर ग्रंथ लिहिला. दुर्गाबाईंनी तो ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणला. थोरोच्या पुस्तकातही तळे गोठते, बर्फ फुटते आणि वसंत येतो. त्याच्या तळ्यावरचे बर्फ आणि आपल्याकडची पानगळ यांत साम्य नाही. मात्र रोज एकाच ठिकाणी जाऊन कालच्यापेक्षा आज काय बदलले हे पाहण्याची चिकाटी दोघांत सारखी आहे. दुर्गाबाईंना हा लेखक आपला का वाटला असावा, हे त्यावरून समजते.

त्यांच्या साहित्यिक कर्तृत्वाचा विस्तार फार मोठा आहे. महाभारतातील व्यक्तिरेखांवरील ‘व्यासपर्व’ १९६२ मध्ये आले. ‘पैस’ला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये कराड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. कुसुमावती देशपांडे यांच्यानंतर हा मान मिळविणाऱ्या त्या दुसऱ्याच महिला. देशात तेव्हा आणीबाणी होती. दुर्गाबाईंनी तिला उघड विरोध केला आणि १९७६ मध्ये त्यांना तुरुंगात जावे लागले. त्यानंतर त्या सरकारी मानसन्मानांपासून कायम दूर राहिल्या. या लढ्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, ते योग्यच झाले. पण त्यामुळे झाडांचा हिशेब ठेवणाऱ्या दुर्गाबाई थोड्या मागे पडल्या. वास्तविक दोन्ही दुर्गाबाई एकच होत्या. जे आहे ते आहे तसे पाहावयाचे आणि पाहिलेले बोलून दाखवावयाचे, हा त्यांचा स्वभाव झाडासमोर जसा होता, तसाच तो सत्तेसमोरही राहिला.

स्वयंपाकाचीही त्यांना मनापासून आवड होती. वेगवेगळ्या प्रांतांतील पदार्थ कसे करतात, हे त्या आवर्जून विचारीत आणि लिहून ठेवीत. ‘खमंग’ हे त्यांचे पाककृतींचे पुस्तक वाचकप्रिय झाले. एका कंदाने ज्यांची सहा वर्षे हिरावून घेतली, त्यांनीच अन्नावर इतक्या चवीने लिहावे, हे त्यांच्या वृत्तीशी सुसंगतच होते.

दुर्गाबाईंचे निधन ७ मे २००२ रोजी मुंबईत झाले. त्यांना ९२ वर्षांचे दीर्घ आयुष्य लाभले. त्या दिवशी मराठी पंचांगाप्रमाणे चैत्राचा वद्य पक्ष चालू होता, तर भनपुरीच्या शेजाऱ्यांकडील पंचांगात वैशाख लागलेला होता. छत्तीसगडच्या जंगलात या दिवसांत मोहाची फुले गळून संपलेली असतात, सावरीची बोंडे उकलून कापूस वाऱ्यावर उडत असतो आणि गावोगावची माणसे तेंदूची पाने तोडण्यासाठी पहाटेच रानात शिरलेली असतात.